सगळ्यांत जुना मणी दाखवून विकलेली माळ

माळेतले निम्मे मणी खरोखरच जुने होते. मी फसले ती त्यामुळेच.

विकणारा म्हणाला, ‘पणजीच्या पणजीपासून घरात आहे, ९०० वर्षांची माळ.’ सोबत प्रयोगशाळेचा शिक्का असलेला कागद, त्यावर कार्बन-१४ पद्धतीने काढलेली तारीख. तिथेच उठून यायला हवं होतं. कार्बनने वय निघतं ते लाकडाचं, हाडाचं, धान्याचं. काचेच्या मण्याचं नाही. कागदावर ‘नमुना : कोळसा’ असं स्वच्छ लिहिलं होतं, मी ते वाचलंही. पण घरातली माळ आणि खड्ड्यातला कोळसा एकत्र आले कुठून, हे विचारायचं सुचलं नाही. हाव सुटली की वाचता येणारा माणूसही निरक्षर होतो.

मला भुलवलं ते विटकरी रंगाच्या बारीक मण्यांनी. काचेची नळी ओढायची, तिचे तुकडे पाडायचे आणि पुन्हा तापवून कडा गोल करायच्या, अशा रीतीने केलेले हे मणी. भिंगाखाली त्यांच्यातले बुडबुडे आणि रेघा वेजाला, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाला, समांतर धावताना दिसतात. सळईवर काच गुंडाळून केलेल्या मण्यात त्या वेजाभोवती फिरतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरात असे ओढीव मणी बनत. आग्नेय आशियातल्या तिमोर बेटावर अशाच तांबूस मण्यांना मुतिसाला म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जपतात. पण हा प्रकार हजाराहून जास्त वर्षं जवळपास तसाच बनत राहिला. नुसतं रंगरूप पाहून ‘९००’ हा आकडा निघूच शकत नाही, त्यासाठी काचेतले घटक तपासावे लागतात.

पुढे उत्खननात काम करणाऱ्या एका परिचितांना माळ दाखवली. त्यांनी हातात घेऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोरा सोडवला. माळ गळ्यात शोभते, पण मणी वाचायचा असतो तो वेजाकडून. वर्षानुवर्षं वापरलेल्या मण्यात शेजारच्या मण्याशी घासून टोकं सपाट होतात, दोऱ्याने वेजाची कड एका बाजूला खाल्ली जाते. माझ्या माळेतले काही मणी अंगभर एकसारखे धुरकट होते आणि वेजाच्या कडा मात्र करकरीत. पॉलिशपेपर किंवा वाळूत घोळवल्याची ही खूण. वेजातली ‘माती’ कोमट पाण्यात टाकली तर बोटाला चिकटली. डिंक होता.

मग लाल मणी. त्यातले दोन आतून पांढरे. लाल काचेखाली पांढरा गाभा असलेले हे मणी साधारण १८३० नंतरचे, त्याआधी गाभा हिरवट असे. आणि तीन मण्यांच्या पोटावरून कमरपट्ट्यासारखी उठावदार कड गेलेली, एक टोक गुळगुळीत, दुसरं खडबडीत. म्हणजे भुकटी साच्यात दाबून भाजलेले मणी. ही पद्धत इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी १८४० साली बटणांसाठी पेटंट केली. मणी त्यानंतरचे.

मी विकणाऱ्याला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. ‘अहो ताई, वारशाची माळ आहे, प्रत्येक पिढी नवे मणी ओवणारच ना!’

गंमत म्हणजे हे खरं आहे. वारशाच्या माळा अशाच वाढतात, आणि दफनात अशी माळ सापडली की पुरातत्त्वज्ञ म्हणूनच सगळ्यांत नवा मणी शोधतात. दफन त्या मण्याच्या आधीचं असू शकत नाही, बाकीचे कितीही जुने असोत. नवा मणी नजरेतून सुटला तर अख्ख्या थराची तारीख काही शतकं मागे सरकते. यानेही तेच केलं होतं, फक्त मुद्दाम. सगळ्यांत जुना मणी पुढे धरायचा आणि त्याचं वय अख्ख्या माळेला चिकटवायचं. ‘वारसा’ या एका शब्दात त्याच्याकडे प्रत्येक शंकेचं उत्तर तयार होतं. नवा मणी का? वारसा. दोरा कोरा का? पुन्हा ओवली, वारसा.

माळ घेण्याआधी दोरा सोडवू देता का, एवढं जरी विचारलं असतं तरी तो बिथरला असता असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने फोन उचलला नाही. मणी आता तीन डब्यांत आहेत : जुने, नवे, आणि ज्यांच्याबद्दल परिचितांनी नुसतीच मान हलवली ते. कागदही ठेवलाय. त्या कोळशाचं वय बरोबरच असेल.