पितळेच्या नावाखाली जस्त: अर्थ क्लॅम्पची फसवणूक आणि जळलेला पत्रा

पत्र्याला भोक पडलं की वेल्डर आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग मशीनला. अर्थ क्लॅम्पकडे, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारी केबल कामाच्या पत्र्याला पकडून ठेवणाऱ्या चिमट्याकडे, कुणी बघतही नाही. ‘५०० अँपिअर, अस्सल पितळ’ असा शिक्का मारलेला भुक्कड माल याच सवयीवर खपतो. जाड अँगलवर तो बरेच दिवस निमूट चालतो. ०.८ मिमीच्या पत्र्यावर मात्र पहिल्याच दिवशी त्रास देतो आणि तरीही संशय त्याच्यावर जात नाही.

लक्षणं फसवी असतात. पातळ पत्र्यावर मिगच्या (सतत पुढे सरकणाऱ्या तारेनं केलेल्या वेल्डिंगच्या) आर्कला, म्हणजे तार आणि पत्रा यांमधल्या ज्योतीला, मिळतात जेमतेम १५-१६ व्होल्ट. त्यातला एक व्होल्ट क्लॅम्पनं वाटेतच खाल्ला की आर्क फडफडतो, तार पत्र्यावर ठेचकाळते, गोळे होतात. वेल्डर व्होल्टेज वाढवतो. तेवढ्यात क्लॅम्प जरा हलून नीट टेकतो, पूर्ण ताकद आर्कला मिळते आणि भोक पडतं. तिकडे क्लॅम्पखाली रंग फुगलेला, निळसर-काळा डाग, आणि दात रुतले तिथे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. हे खड्डे दाबानं पडलेले नसतात, तिथे पत्रा वितळलेला असतो.

हिशेब सोपा आहे. स्पर्शाच्या जागी १० मिलीओहम रोध असेल आणि ६० अँपिअर वाहत असतील, तर ०.६ व्होल्ट तिथेच जातात आणि ३६ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे साधारण एका सोल्डरिंग आयर्नएवढी. ती चार-पाच दातांच्या टोकांवर एकवटते. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट, १४४ वॉट.

आता माल कसा गंडवतो ते बघा. विकणारा स्वतःहून लोहचुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही, पितळच आहे.’ चुंबक जस्ताच्या ओतकामालाही चिकटत नाही, हे तो सांगत नाही. जबड्याच्या आतल्या कोपऱ्यात कानशीचे दोन-तीन घासे मारा. पितळ कितीही घासलं तरी पिवळंच राहतं. मुलाम्याखालून राखाडी-पांढरा धातू डोकावला तर ते जस्त. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे एकदा ठिणगी खेळली की दात विरघळल्यासारखे बोथट होतात.

दुसरी चोरी आणखी आत असते. केबल एकाच जबड्याला बांधलेली असते. चांगल्या क्लॅम्पमध्ये दोन्ही जबडे तांब्याच्या जाड वेणीनं जोडलेले असतात. नकली मालात वेणी नसतेच, किंवा तांब्याचं पाणी दिलेली लोखंडी पट्टी असते. तिला मात्र चुंबक चिकटतो. मग दुसऱ्या जबड्याचा करंट खिळ्यातून आणि स्प्रिंगमधून जातो. स्प्रिंग तापून निळी पडते, तिचा ताण जातो, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो.

तिसरी चोरी केबलमध्ये. २५ चौ. मिमीची म्हणून दिलेली केबल पुष्कळदा वरून तांबं चढवलेल्या ॲल्युमिनियमची असते, आणि बारीक तारा लपवायला रबर जाड. एक तार पात्यानं खरवडा, आत चंदेरी दिसली की समजा. शंका उरली तर वजन करा: २५ चौ. मिमी अस्सल तांब्याचा, रबर सोललेला १० सेंमीचा तुकडा साधारण २२ ग्रॅम भरतो, नकली ९ ग्रॅमच्या आसपास.

अर्थात अस्सल क्लॅम्पसुद्धा दातांनी थेट पातळ पत्र्यावर चावत लावणं चूकच. २५ × २५ मिमीची जागा दोन्ही बाजूंनी रंग आणि गंज काढून उघडी करा. त्यासाठी वायर ब्रश किंवा जुनी, गुळगुळीत झालेली ८० नंबरची फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची, घासकागदाच्या पाकळ्यांची चकती) घ्या. नवी डिस्क ०.८ मधला बराच पत्रा खाऊन टाकते. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो चमकेपर्यंत पुसला तरी पुरे, तो विजेला अडवत नाही. मग दोन्ही बाजूंना ३ मिमी जाडीची, २५ × ५० मिमीची सपाट तांब्याची पट्टी ठेवा आणि त्यावर क्लॅम्प लावा. केबलशी थेट जोडलेला जबडा पत्र्याच्या चांगल्या साफ केलेल्या बाजूला येऊ द्या. दात पट्टीत रुततात, पत्र्यावर ओरखडा येत नाही, दाब आणि उष्णता दोन्ही पसरतात. जोडापासून १५ ते ३० सेंमीवर जागा निवडा. मध्ये बिजागरी किंवा बेअरिंग येता कामा नये, करंट त्यांच्यातून गेला की तीही डागतात.

क्लॅम्प बसवायला कडाच नसेल तर असलेल्या भोकातून एम८ बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर, आणि क्लॅम्प बोल्टवर. नाहीतर नंतर कापून जाणाऱ्या भागावर ३ मिमीची पट्टी टॅक करून (छोट्या टाक्यानं चिकटवून) तिला पकडा. चुंबकानं चिकटणारा अर्थ क्लॅम्प पातळ कामाला सोपा वाटतो, पण त्याच्या तोंडाला लोखंडी भुगा चिकटतो आणि सगळा करंट त्या कणांतून जातो. शिवाय डीसीवर आर्क बाजूला ढकलला जातो.

तपासणीला मल्टिमीटर पुरे. आर्क चालू असताना एक टोक केबलच्या लगवर (केबलच्या टोकाला आवळलेल्या धातूच्या कड्यावर), दुसरं क्लॅम्पशेजारच्या उघड्या पत्र्यावर. ६० अँपिअरला ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.३ च्या वर गेलं तर पत्र्यावर पुढचा टाका मारू नका.

कानस, चुंबक आणि केबलचं टोक खरवडणं हे सगळं पैसे देण्याआधी करा. लग आवळलेला किंवा एकदा तापून काळा पडलेला क्लॅम्प कुणी परत घेत नाही. ‘तुम्ही जास्त करंट चालवलात’ हे उत्तर तयारच असतं, मशीन ६० वर असलं तरी.