कृषी निविष्ठा (खत, बियाणे, कीटकनाशके) विक्री करणाऱ्या सहकारी संस्थांसाठी खर्च-तपासणी सेवा : आमचा अनुभव

पुरंदर तालुक्यातील आमच्या सहकारी संस्थेची खत, बियाणे व कीटकनाशकांची विक्री वाढत होती, पण पगार, हमाली आणि व्याज वजा जाता हाती फारसे उरत नव्हते. म्हणून संचालक मंडळाने पुण्यात शिवाजीनगर येथे कार्यालय असलेल्या एका सल्लागार संस्थेकडून खर्चाची तपासणी करून घेतली. संचालक या नात्याने मी त्या कामात सुरुवातीपासून होतो.

या सेवेचे खरे मोल उत्पादकता मोजण्याच्या पद्धतीत आहे. कर्मचाऱ्यामागे किती रुपयांची विक्री झाली एवढेच आम्ही आजवर पाहत होतो आणि त्या हिशेबात खताच्या गोदामावरील माणसे नेहमी मागे पडत. सल्लागारांनी साधे गणित मांडले. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे. १०० पोती विकली की विक्री २६,६५० रुपयांची होते, पण त्यासाठी साडेचार टन माल एकदा उतरवावा आणि एकदा चढवावा लागतो. तेवढ्या रकमेची कीटकनाशके थोड्याशा खोक्यांत मावतात. शिवाय युरियाची किंमत सरकार ठरवते, त्यामुळे तेथे हात आहे तो फक्त हमाली, वाहतूक आणि फाटक्या पोत्यांतील तूट यांवर. म्हणून खतासाठी माणसी दिवसाला हाताळलेले टन, तर कीटकनाशकांसाठी ढोबळ नफा आणि मुदतबाह्य झालेला माल, अशी वेगवेगळी मापे त्यांनी लावली. गोदामावरच्या मंडळींना आम्ही इतकी वर्षे चुकीच्या मापाने मोजले, याचे मला फार वाईट वाटले.

पहिला अहवाल मात्र सदोष होता. सरासरी साठा काढताना त्यांनी दोन वर्षांचे मार्चअखेरचे आकडे घेतले. आमचे गोदाम खरिपासाठी मे-जूनमध्ये भरते आणि कॅश क्रेडिटचे (बँकेकडून गरजेप्रमाणे उचलायच्या खेळत्या कर्जाचे) व्याजही तेव्हाच चढते. मार्चच्या आकड्यांवरून माल प्रत्यक्षाहून लवकर खपतो असे भासते. हे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी दरमहाच्या साठ्यावरून नवी मांडणी करून दिली, तीही जादा शुल्क न घेता. जूनमधील खतसाठा कमी करण्याची त्यांची सूचना आम्ही नाकारली, कारण पेरणीच्या तोंडावर सभासद रिकाम्या हाताने परतला तर व्याज वाचवून उपयोग काय?

अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर (दुकानातील विक्री-नोंदणी यंत्रावर) नोंदली जात असल्याने ते आकडे तयार मिळतात. बियाणे व कीटकनाशकांची वस्तुनिहाय साठावही ज्या संस्थेकडे नाही, तिने आधी ती लिहायला घ्यावी आणि वर्षभराने या सेवेचा विचार करावा.