लोकरीती आणि लोकनीती: फरक लोकलच्या डब्यात कळतो

तिघांच्या बाकावर चौथा येतो, नुसतं 'जरा सरका' म्हणतो आणि तिघंही खांदे तिरके करून त्याला टेकण्यापुरती जागा देतात. ही लोकरीती. कुणी नाहीच सरकलं तर फार तर एखादा टोमणा. दादर येईपर्यंत सगळे विसरलेले असतात. पण गर्दीचा फायदा घेऊन कुणी बाईला त्रास दिला, की अख्खा डबा उसळतो. ती लोकनीती. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी हा भेद १९०६ मध्ये मांडला. मला स्वतःला लोकरीतीचं अप्रूप जास्त. लोकनीतीच्या पाठीशी बहुधा कायदाही असतो. चौथ्या सीटचा नियम कुठल्याच फलकावर नाही, तरी नवा माणूस तो आठवड्याभरात शिकतो.