दोन वेळाच जेवावं, की दर दोन तासांनी थोडं थोडं?

वजन उतरवायला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवण आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं, हे दोन्ही आता घरोघरी तोंडपाठ आहे. त्यामुळे इन्शुलिन, चयापचय वगैरे परत उगाळत नाही. दीक्षित सर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते, म्हणजे आम्हा लातूरकरांना तसे घरचेच. तरी मी सुरुवात केली ती दुसऱ्या बाजूनं. दोन्ही प्रकार सहा-सहा महिने करून पाहिले. वजन करायला आडतीवरचा पोत्यांचा काटा, तेव्हा शे-दोनशे ग्रॅमचा हिशेब मला मागू नका.

धंदा सांगायला हवा, कारण माझा निकाल तिथंच लागला. मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीन-तुरीच्या हंगामात सकाळी गादीवर बसलं की संध्याकाळीच उठायचं. दिवसाला आठ-नऊ कप चहा, तोही आपल्याकडचा, साखरेत दूध घातलेला.

दर दोन तासांनी खाणं जीवाला बरं वाटतं, हे कबूल करतो. उठल्यावर भिजवलेले बदाम नाहीतर केळं, मग सुशीला म्हणजे फोडणीचे चुरमुरे, अकराला मूठभर शेंगदाणे, दुपारी भाकरी-वरण, चारला पुन्हा काहीतरी. तूप बंद नाही, भात बंद नाही, आजी खायची तेच खा म्हटल्यावर घरातले सगळे खूश. माझी ॲसिडिटी गेली, दुपारची चिडचिड कमी झाली. पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरलेही.

अडलं ते डब्यापाशी. आपल्याकडं चार माणसांत एकट्यानं डबा उघडता येतो का? झाकण निघायच्या आधी तोंडातून 'या, घ्या' निघतं. समोर हमाल, खरेदीदार, पहाटे गावाकडून माल घेऊन निघालेला शेतकरी. मूठभर शेंगदाणे पाच जणांत काय पुरणार? म्हणून मोठा डबा आणायला लागलो. मग समोरच्याला संकोच. 'मालक, रोज तुमचंच खातोय, आज माझ्याकडून,' म्हणत तो भजी मागवणार. तुरीची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात पडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? भज्यांमागं चहा आलाच. अकराची मूठ आणि चारची मूठ, दोन्हीच्या पार्ट्या झाल्या. त्यात शेंगदाणा म्हणजे जवळपास निम्मं तेल. शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर उष्मांक. बोलण्याच्या नादात मूठ दोनदा भरली की एका भाकरीएवढं पोटात गेलेलं असतं, आणि भाकरी खाल्ल्याचं समाधान मात्र नाही. मधे काही दिवस पोत्यांच्या थप्पीआड जाऊन खाल्लं. मुनीम विचारायला लागला, 'उपवास मोडला का?'

यात पद्धतीचा दोष काढत नाही. ज्याला स्वतःचं टेबल आहे आणि दार लावून बसता येतं, त्याला ती चांगली मानवत असेल.

मग दोन वेळांवर आलो. सकाळी साडेदहा, संध्याकाळी साडेसात, दोन्ही जेवणं घरीच. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, कांदा, ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. एक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, आमच्यासारख्याला तेवढी भरपूर होतात. पहिला आठवडा वाईट गेला, डोकं दुखायचं. शिवाय 'आता थेट उद्याच' या धास्तीनं रात्री दोन भाकरी जास्त जायच्या, म्हणून पहिल्या महिन्यात काटा जागचा हलला नाही. पुढं भूकच आटोपशीर झाली. यातलं पंचेचाळीस मिनिटं चालणं मात्र टाळता येत नाही. मी पहाटेच उरकतो, कारण मे महिन्यात आठनंतर लातुरात कोण चालणार!

चहाचं काय, हा खरा प्रश्न होता. 'घ्या की वो, अर्ध्या कपानं काय होतंय?' हे आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी चहावाल्या पोरानंच परस्पर सांगून टाकलं, 'मालकांचं दीक्षित चालू हाय.' झालं. नकाराला एक नाव मिळालं आणि ते नाव सगळ्या यार्डाला माहीत होतं. कुणाला राग नाही, कुणाचा आग्रह नाही. बिनसाखरेचा कोरा चहा आणि पातळ ताक चालतं, त्यामुळे हातात कपही असतो. तिकडं रोज दोनदा अवघडायचो, इथं आठ दिवसांत विषय संपला. सहा महिन्यांत सात किलो गेले. त्यातले किती उपाशी राहण्यानं, किती साखर सुटल्यानं आणि किती चालण्यानं, देव जाणे.

ही पद्धतही सगळीकडं चालत नाही. लग्नाची पंगत दुपारी अडीचला बसते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात भज्जी, उंडे, आंबील, खीर समोर असताना घड्याळ बघणारा माणूस मला तरी बघवत नाही. त्या दिवशी मी सुट्टी घेतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर बायका आणि वाढत्या वयाची पोरं यांना तर हे नकोच.

आमच्या घरात सौ. अजून दर दोन तासांनीच खाते. तिचंही वजन उतरलंय, पण तिला डबा कुणासमोर उघडावा लागत नाही.

परवा गंजगोलाईच्या बाजारपेठेतला एक ओळखीचा दुकानावर आला. पोट सुटलंय, दोन्हीतलं काय करू म्हणाला. मी विचारलं, 'अकराला कुठं बसून खाणार?' म्हणाला, 'कुठं म्हणजे? दुकानात, काउंटरवर.' मी पोराला हाक मारून दोन कोरे चहा सांगितले.