बाहेरचा माणूस हवा, पण कुठे बसवायचा? सल्लागार की स्वतंत्र संचालक

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यात दोन्ही करून झालं आहे. आधी पाच वर्षं दरमहा मानधनावर सल्लागार होते, मग संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक, म्हणजे मालक कुटुंबाशी वा धंद्याशी हितसंबंध नसलेला बाहेरचा माणूस, घेतला. कंपनी पब्लिक लिमिटेड, पण अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली. कायद्याने आखलेल्या भांडवल 10 कोटी, उलाढाल 100 कोटी, कर्ज 50 कोटी या तिन्ही रेषांच्या आत असल्याने स्वतंत्र संचालक नेमायची सक्ती नव्हती. तुमचंही असंच असेल, तर हा अनुभव कामी यावा.

सल्लागारांना मी आजही मानतो. नवं मशीन घेताना, निर्यातीची कागदपत्रं उभी करताना त्यांनी आमच्या पैशाचं चीज केलं. फोन केला की तासाभरात हजर. धंदा सुरळीत असेल तर सल्लागारच बरा: नेमायला सोपा, थांबवायलाही सोपा.

अडलं ते एका ओळीवर. मोठ्या गिऱ्हाइकाने वर्षातला सगळ्यात मोठा लॉट परत पाठवला, तेव्हा दादाला आणि मला रात्रभर झोप नव्हती. सल्लागारांचं चार पानी टिपण आलं. दुरुस्त करून द्या, भावात तडजोड करा किंवा वकील गाठा; तिन्हींचे फायदे-तोटे नीट मांडलेले. आणि तळाशी नेहमीची ओळ: ‘अंतिम निर्णय व्यवस्थापनाचा.’ पाच वर्षं ती ओळ नजरेखालून जात होती, त्या रात्री टोचली. चूक त्यांची नव्हती, त्यांचं काम तिथेच संपतं. पण निर्णय घ्यायला उरलो आम्ही दोघे भाऊ, आणि दोघेही घाबरलेले.

दोन वर्षांनी पुन्हा लॉट परत आला, तेव्हा मंडळावर एक निवृत्त बँक अधिकारी होते. 7 दिवसांची नोटीस न देता तातडीची सभा घ्यायची, तर निदान एक स्वतंत्र संचालक हजर लागतो. नसेल तर नंतर एका तरी स्वतंत्र संचालकाने मान्यता दिल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही. दादाला ही कटकट वाटायची. रविवारी संध्याकाळी साहेब आले, चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, “परत आलेला माल बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, मालसाठ्याच्या हिशोबात, चांगला म्हणून धरलाय का?” आम्ही दोघे गप्प. धरला होता. “मग गिऱ्हाइकाचं नंतर बघू. उद्या सकाळी आधी बँकेला पत्र जाईल. माझा हा आग्रह माझ्या नावानिशी इतिवृत्तात घ्या.”

बँकेने ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालसाठ्याच्या जोरावर उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, कमी केली, दोन महिने पगाराला ओढाताण झाली. पण बँकेतलं खातं टिकलं, आणि ते त्या पत्रामुळे, असं मला वाटतं. गोष्ट बँकेच्या तपासणीत निघाली असती तर आमच्या शब्दाला काय किंमत राहिली असती?

नुसत्या पदाने हे घडत नाही, हेही खरं. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळावर नावाजलेले स्वतंत्र संचालक होते. तरी 16 डिसेंबर 2008 ला अध्यक्ष राजूंच्या कुटुंबाच्या मेटास कंपन्या विकत घ्यायचा ठराव मंजूर झाला. गुंतवणूकदार खवळले म्हणून तो मागे घ्यावा लागला. महिना संपायच्या आत काहींनी राजीनामे दिले. 7 जानेवारी 2009 ला हिशोबात घोटाळा केल्याचं राजूंचं कबुलीपत्र आलं. मग सरकारने मंडळ बदलून किरण कर्णिक, दीपक पारेख अशी माणसं आणली आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राच्या रूपाने कंपनीला धनी मिळाला. तिथेही बाहेरचीच माणसं कामी आली, पण ती घर जळाल्यावर.

म्हणून माणूस पारखून घ्या. सभेच्या कामकाजातून जे कळलं त्याकडे कानाडोळा केला, तर स्वतंत्र संचालक स्वतः अडकतो. हे ज्याला ठाऊक आहे, तोच स्टॉक स्टेटमेंट मागतो. खर्चाची धास्ती नको: सभेची फी कायद्याने 1 लाखापर्यंत देता येते, आम्ही त्याहून बरीच कमी देतो. वर्षाच्या पाच-सहा सभा धरल्या तरी सल्लागारांच्या मानधनाहून ती कमी भरते.

बडोद्यात मराठी घरं एकमेकांच्या ओळखीतली. दांडिया बाजारात कुणालाही विचारा, काकांचा मित्र निघेल. आम्ही ठरवलं होतं, ज्यांच्या घरी आपली लग्नपत्रिका जात नाही अशाच माणसाला बोलवायचं. तिघांना भेटलो. दोघांनी वर्षात सभा किती, एवढंच विचारलं. तिसऱ्यांनी मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि ऑडिटरचा फोन नंबर मागितला. त्यांनाच घेतलं.