मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय: सुट्टीच्या दिवसासाठी सावकाश पाहण्याजोगे

नागपुरात पाहुणे आले की त्यांना दीक्षाभूमी, फुटाळा आणि रामन विज्ञान केंद्र दाखवले जाते. कडबी चौकाजवळच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाचे नाव मात्र बहुधा मुलांच्या हट्टापुरतेच निघते. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे हे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी खुले झाले. मोठ्यांनीही ते निवांतपणे पाहावे, असे मी मनापासून सुचवेन.

तर्री पोह्यांचा नाश्ता करून सीताबर्डीहून मेट्रोने निघावे. गड्डीगोदामला खाली रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर आपली मेट्रो, अशी रचना आहे. मेट्रोच्या रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर, खालच्या ब्रॉडगेजचे १६७६ आणि पुढे मोतीबागेत पाहायच्या छोट्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचे अवघे ७६२. एका सकाळच्या प्रवासात तीन मापांचे रूळ भेटतात, हे लक्षात आल्यावर मला फार आनंद झाला.

बाहेरच्या आवारात इंजिने आणि डबे आहेत. छोट्या गाडीच्या डब्याशेजारी उभे राहिले की ७६२ मिलिमीटर म्हणजे नेमके किती, हे डोळ्यांनाच कळते. सातपुड्याच्या घाटांत अरुंद रूळ घातल्याने वळणे अधिक तीव्र घेता येत, डोंगर कमी फोडावा लागे आणि खर्चही आटोक्यात राहत असे. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात याच मापाच्या मार्गांनी छिंदवाड्याकडचा आणि गोंदिया-जबलपूर पट्ट्यातला डोंगराळ मुलूख जोडला गेला. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, तर उमरेड-भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी २०१९ मध्ये. सावनेर, सौंसर, उमरेडकडच्या ज्या कुटुंबांनी या गाड्यांतून प्रवास केला आहे, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना येथे अवश्य आणावे. फलकांवर नसलेली माहिती त्यांच्याकडूनच मिळेल.

आतल्या दालनात जुने कंदील, दूरध्वनी आणि सिग्नलची साधने आहेत. त्यांत सर्वाधिक वेळ द्यावा तो टोकन यंत्राला. टोकन म्हणजे पुढच्या स्थानकापर्यंत गाडी नेण्यासाठी चालकाच्या हाती दिली जाणारी परवानगीची खूण. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज यंत्रातून टोकन निघत नसे आणि एक टोकन बाहेर असेपर्यंत दुसरे निघूच शकत नसे. टोकन हाती पडल्याशिवाय चालक गाडी हलवत नसे. शेकडो प्रवाशांचा जीव सांभाळणारी इतकी सोपी आणि इतकी पक्की व्यवस्था पाहून तिच्या रचनाकारांविषयी आदर वाटतो. येथे घाई करू नये. बरोबर कोणी जाणते असेल, तर दोन स्थानकांमधला हा व्यवहार पायरीपायरीने समजावून घ्यावा.

आवारातली खेळगाडी मुलांना आवडतेच, त्यामुळे मुले बरोबर असतील तर दालन आधी पाहून घ्यावे. उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हात उघड्यावरच्या लोखंडाला हात लावणेही कठीण होते, म्हणून दिवाळीनंतरचे, संत्र्यांच्या हंगामातले दिवस यासाठी उत्तम आहेत. संपूर्ण सकाळ हाताशी ठेवूनच जावे.