सांगलीतली पाणी तपासायची लॅब: ४ स्टार, रिपोर्ट नीट समजावून सांगतात

वाळवा तालुक्यात आमचं गाव, घरात प्यायला बोअरचं पाणी. बहीण बाळंतपणाला आलीय, बाळाला पावडरचं दूध चालू आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले पाणी तपासून घ्या. बाटली लॅबच देते, मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणून द्यायची, हे काउंटरवरच्या मॅडमनी दोनदा बजावलं. मी विहिरीचं पण नेलं, कारण विहीर उसाच्या फडाला लागून, खराब निघालं तर तिचंच निघणार असं धरून चाललो होतो.

निघालं उलटं. विहिरीत नायट्रेट (खतातनं पाण्यात उतरणारा क्षार, जास्त झाला तर तान्ह्या बाळाला घातक) २२ आणि शंभर फुटांवरच्या बोअरला ७१, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. बाटल्या बदलल्या असणार असं मी तोंडावर बोललो, पण तिथल्या केमिस्ट दादांनी राग न धरता बसवून घेतलं, कापलेल्या बाटलीत एका अंगाला वाळू, एका अंगाला खडी भरली आणि वरून शाईचं पाणी सोडलं. खडीतनं शाई झटकन खाली आली, वाळूतनं मात्र फिक्कट फिक्कट कितीतरी वेळ येतच राहिली. म्हणाले आपल्या काळ्या पाषाणाचं असंच आहे, अखंड दगडातनं पाणी जवळपास जात नाही, जातंय ते भेगांतनं नाहीतर मुरमातनं, आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडं जातं, त्यामुळं उसाला टाकलेल्या युरियाचं नायट्रेट एखाद्या भेगेतनं लांबच्या बोअरला गाठतं आणि जवळची विहीर सुटते. बारीक छिद्रांत मुरलेलं हळूहळू सुटत राहतं, म्हणून खत कमी केलं तरी आकडा लगेच उतरत नाही. शेजाऱ्याच्या रिपोर्टवर आपलं पाणी का ठरवू नये ते मला त्या बाटलीनं पटलं.

आई बाळासाठी तेच पाणी उकळून वापरत होती. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं वाढतं, हे ऐकून अंगावर काटा आला.

एक स्टार कापला कारण तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट सहाव्या दिवशी दिला, फोन पण उचलत नव्हते. घरात तान्हं बाळ असताना हे बरं नाही.

सध्या बाळाला जारचं पाणी, आरओचं बघतोय. पाऊस सरला की दोन्ही बाटल्या परत नेणार, चुलत्यांच्या बोअरची पण.